ऑक्टोबरची यादी

सप्टेंबर, शेवटचा आठवडा

अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांच्या, नव्या सीझनचं वेळापत्रक आज पूर्ण लागलं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असं वर्षातून चारदा हे होतं, आणि तरी दर खेपेला यादी उघडताना मला तेवढाच आनंद होतो. सिक्वेल धरले तर पन्नासच्या पुढे मालिका आहेत. प्रसारणाच्या वेळा जपानी पद्धतीने २५:३० अशा लिहिलेल्या, म्हणजे दिवस उलटून गेल्यावर रात्रीचे दीड. बऱ्याच अ‍ॅनिमे तिकडे अशाच अवेळी लागतात. यातल्या तीन, फार तर चार मला नीट बघायच्या आहेत. नीट म्हणजे आठवड्याला एक भाग, सुरुवातीचं शीर्षकगीत न वगळता, आणि मधले सहा दिवस तो मनात घोळवत.

कथासूत्राच्या चार ओळी मी आता सगळ्यात शेवटी वाचते. त्यावरून मालिका कशी असेल हे कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. २०२३ च्या शरदातली ‘फ्रीरेन’ घ्या. दानवराजाला संपवून परतलेले चार वीर आणि त्यांतली हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ जादूगार. एवढंच वाचून किती जण पुढे सरकले असते! पण दिग्दर्शक म्हणून केइचिरो साइतो हे नाव होतं, आणि बरोबर एक वर्ष आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, याच माणसाने चार मुलींच्या बँडची ‘बोच्ची द रॉक’ केली होती.

‘बोच्ची’चा आठवा भाग मी कितीही वेळा बघू शकते. बाहेर वादळ, समोर मोजकेच श्रोते. पहिलं गाणं पडतं. चौघींचा मेळ बसत नाही, आणि तो बसत नाहीये हे आपल्याला कानांनी कळतं, कुणी सांगावं लागत नाही. मग दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी, माणसांसमोर तोंड उघडायलाही घाबरणारी बोच्ची मान खाली घालून एकटीच गिटार वाजवायला लागते. बाकीच्या तिघी चमकून तिच्याकडे बघतात. संवाद नाही, समजावून सांगणं नाही. मैत्रिणींचा कार्यक्रम वाया जाऊ द्यायचा नाही एवढं त्या वाजवण्यातून पोचतं. ज्याला हे जमतं, त्याच्या हाती संथ चालीची एल्फची गोष्ट गेल्यावर चिंता करायचं कारणच नव्हतं. ‘फ्रीरेन’च्या पहिल्याच भागात पन्नास वर्षं सरतात. ती एल्फ होती तशीच, आणि तिच्यापुढे त्या चौघांतला हिम्मेल म्हातारा, टक्कल पडलेला. दोन मालिकांचे स्टुडिओ वेगळे, एक क्लोव्हरवर्क्सची, दुसरी मॅडहाउसची. त्यामुळे नुसतं स्टुडिओच्या नावावर विसंबणारे मला पटत नाहीत. एकाच स्टुडिओत एकाच वेळी निरनिराळे गट काम करत असतात.

दिग्दर्शकाखालोखाल मी मालिकेची एकूण पटकथा बांधणाऱ्याचं नाव शोधते. कुठली गोष्ट कुठल्या भागात यायची, कुठे थांबायचं, हे त्या माणसाच्या हातात असतं. बारा-तेरा भागांचा एक कूर, म्हणजे जेमतेम तीन महिने. लाइट नॉव्हेलचे, म्हणजे तरुणांसाठीच्या सचित्र जपानी कादंबऱ्यांचे, खंडच्या खंड त्यात कोंबले की पात्रं पळत सुटतात.

यावरून आठवलं, दर सीझनला एक तरी ओरिजिनल, म्हणजे कुठल्याही पुस्तकावर न बेतलेली, मालिका घ्यायची हा माझा नियम याही वेळी पाळणार आहे. मांगा (जपानी चित्रकथा) किंवा कादंबरीवरच्या मालिकेला पैसे घालणाऱ्या निर्मिती समितीत प्रकाशकही असतो, त्याला पुस्तकं खपायला हवी असतात. त्यात काही वावगं नाही, पण म्हणूनच कितीतरी मालिका ऐन भरात आल्या की संपतात आणि पुढचं पुस्तकात वाचा म्हणतात. ओरिजिनलला हा आधारच नसतो. तिला जे सांगायचं ते तिथेच सांगून संपवावं लागतं.

जानेवारी २०१८ मध्ये क्योतो अ‍ॅनिमेशनची ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ होती, ‘युरू कॅम्प’ होती. आणि त्याच सीझनला अत्सुको इशिझुकांच्या दिग्दर्शनाखाली, जुक्की हानादांनी लिहिलेली ‘अ प्लेस फर्दर दॅन द युनिव्हर्स’ आली. चार शाळकरी मुली अंटार्क्टिकाला जातात, बस. पहिल्या भागात स्टेशनवर एका मुलीच्या हातून पाकीट पडतं, त्यात दहा लाख येन असतात. त्या मुलीने, शिरासेने, काम करून साठवलेले, कारण तिची आई अंटार्क्टिकातच बेपत्ता झाली आहे. (मालिका बघायची राहिली असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जा.) बाराव्या भागात आईचा लॅपटॉप तिच्या हाती येतो. इनबॉक्स उघडतो आणि इतक्या वर्षांत तिनेच आईला पाठवलेले मेल एकामागून एक उतरायला लागतात. न वाचलेल्यांचा आकडा चढत जातो, हजाराच्या पुढे. पहिल्या भागातले ते पैसे आणि बाराव्यातला तो आकडा एकाच हाताने विणलेला आहे. तेरा भागांत सगळं आटोपायचं आहे हे माहीत असणाऱ्यालाच असं विणता येतं.

सिक्वेलचं काय, आवडत्या मालिकांचे येतात, ते बघायचेच. त्यांच्यावर विचार करण्यात वेळ घालवत नाही.

तीन भाग बघून ठरवा असं सगळे सांगतात. २०११ च्या ‘माडोका माजिका’च्या तिसऱ्या भागात जे घडतं ते ज्यांनी बघितलं त्यांचा या सल्ल्यावर विश्वास बसणारच. पण सरसकट तो मला मान्य नाही. पहिल्या भागावर स्टुडिओ जीव ओततो, स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चितारलेला आराखडा, बहुधा खुद्द दिग्दर्शकाचा असतो, उत्तम अ‍ॅनिमेटर तिथे लावलेले असतात. तो देखणा असायचाच. मी बघते ती त्यातली शांत जागा. लढाई नाही, विनोद नाही, दोघं जण नुसती चालताहेत किंवा कुणी दार लावून घेतंय, तेव्हा ते चित्र जिवंत राहतं का? हातांना वजन आहे का? आणि दुसरा भाग, जो दुसऱ्या कुणी तरी हाताळलेला असतो, त्यात हे टिकलं तर मालिका माझी. तिसऱ्याची वाट बघायची गरज उरत नाही.

तर आज रात्रीपर्यंत ठरलंय ते असं. ज्यांच्या आधीच्या कामावर माझा जीव आहे अशा दिग्दर्शिकेची एक. एक ओरिजिनल, जिच्या ट्रेलरमध्ये कथा जवळपास सांगितलीच नाहीये, आणि मला ते आवडलंय. एक सिक्वेल. चौथी जागा मी मोकळी ठेवली आहे, ‘ऑड टॅक्सी’सारख्या मालिकेसाठी. एप्रिल २०२१ मध्ये वॉलरस टॅक्सी चालवतो एवढं पोस्टर बघून तिच्याकडे कोण वळणार होतं? प्रवाशांच्या साध्या गप्पांतून एका हरवलेल्या मुलीचं प्रकरण उकलत गेलं तसा बघणारा वर्ग वाढत गेला. अशी एखादी या यादीत असेलच, आणि ती कुठली हे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उघड होईल. पाच-सहा भागांनंतर लोक जिच्याबद्दल एकदम बोलायला लागतील, तिचे मागचे भाग एका बैठकीत बघून मी उरलेल्यांसाठी त्यांच्याबरोबर दर आठवड्याला थांबणार आहे.