उबुंटूवर ईएसपी-३२ : पोर्ट येतो आणि लगेच गायब होतो

बोर्ड ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरचा, त्यावर सीएच-३४० ही यूएसबी-सिरियल चिप (लॅपटॉपची यूएसबी आणि बोर्ड यांचा संवाद घडवणारी), लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स. बोर्डावरचा लाल दिवा लागला, पण आर्डुइनो आयडीईत, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पोर्टच दिसेना.

दिवा लागला म्हणजे वीज पोचली, एवढंच. काही चार्जिंगच्या केबलींत डेटाच्या तारा नसतातच. म्हणून फोनमधले फोटो जिने लॅपटॉपवर उतरतात ती केबल लावली आणि टर्मिनलवर एलएसयूएसबी ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड चालवली. यादीत १ए८६:७५२३ आलं. हा सीएच-३४० चाच क्रमांक, म्हणजे केबल आणि चिप दोन्ही ठीक.

अशा वेळी जो तो ‘ड्रायव्हर टाका’ म्हणतो. पण लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) या चिपचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. मी डीमेसेज ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालू ठेवून केबल काढून परत लावली आणि तिथेच उलगडा झाला. आधी ओळ आली की चिप टीटीवाययूएसबी० या पोर्टला जोडली गेली. लगेच खाली बीआरएलटीटीवाय या प्रोग्रामचं नाव आणि त्याखाली ‘डिसकनेक्टेड’.

बीआरएलटीटीवाय हा अंध व्यक्तींच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम. एका ब्रेल यंत्राचा यूएसबी क्रमांकही हाच असल्याने तो माझ्या बोर्डालाच ब्रेल डिस्प्ले समजून पोर्ट ताब्यात घेत होता. सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे तो प्रोग्रामच काढून टाका. मला तो पटत नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या सामाईक कॉम्प्युटरवर असं केलं, तर एखाद्या अंध विद्यार्थ्याचं वाचनच बंद पडेल. मी यूडेव्हच्या (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणारी लिनक्सची व्यवस्था) नियमांतली बीआरएलटीटीवायची फाइल ईटीसीमधल्या रूल्स फोल्डरात त्याच नावाने कॉपी केली आणि त्या प्रतीत या क्रमांकाच्या ओळीपुढे फक्त हॅश (#) टाकला, म्हणजे ती ओळ वाचली जात नाही. मूळ फाइलला हात लावला नाही, त्यामुळे अपडेट आलं तरी बदल टिकतो. नियम रीलोड करून केबल परत लावली आणि पोर्ट टिकला.

पुढे ‘परमिशन डिनाइड’ आलं. युजरला डायलआउट या सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये घालून लॉगआउट-लॉगिन केलं की ते जातं. सीएचमॉड या कमांडने परवानगी देऊ नका, केबल काढली की ती जाते.

अपलोड मात्र ‘कनेक्टिंग’च्या ठिपक्यांवर अडकलं. ईएसपी-३२ रीसेट होताना जीपीआयओ-० ही पिन लो (शून्य व्होल्टजवळ) असेल तरच प्रोग्राम घ्यायला तयार होतो. बहुतेक बोर्डांवर यूएसबी-सिरियल चिपच्या डीटीआर-आरटीएस या लाइनी हे आपोआप करतात, इथे वेळ जुळत नव्हती. ठिपके सुरू होताच बूटचं बटण दाबून धरलं आणि टक्के पुढे सरकू लागले. पण दरवेळी बटण कोण दाबणार? ईएन (रीसेटची पिन) आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, त्याची उणे बाजू ग्राउंडला. त्यानंतर बटणाची गरज पडली नाही.

सिरियल मॉनिटरवर अगम्य चिन्हं दिसली, तर बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) ११५२०० करून बघा. बूट होतानाचा मजकूर ईएसपी-३२ त्याच वेगाने पाठवतो.