दिसायला एकच नाव, पण सर्चला सापडेना

दक्षिण कोरियातल्या सोलच्या क्लायंटकडून तक्रारीचं टिकिट आलं की फाइल फोल्डरमध्ये दिसतेय पण सर्चमध्ये तिचं नाव टाकलं की शून्य रिझल्ट. आमच्या पुण्याच्या टीमचा पहिला अंदाज नेहमीचाच, इंडेक्स (सर्च ज्या यादीत शोधतं ती) अपडेट झाला नसेल, रीइंडेक्स मारा. मारलं, काही फरक नाही. मग तिकडच्या मॅडमनी स्क्रीन शेअर करून दाखवलं, फाइलच्या नावात कोरियन लिपीत ‘हानगुक’ (म्हणजे कोरिया) आणि सर्चमध्ये टाइप केलेलंही ‘हानगुक’, काना-मात्रेचाही फरक नाही.

मी दोन्ही स्ट्रिंग कॉपी केल्या आणि युटीएफ-८ मधले, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या रूपात साठवतो त्यातले, बाइट्स काढले. टाइप केलेला शब्द ६ बाइट्सचा, फाइलच्या नावातला १८ बाइट्सचा! तिथेच कळलं की भानगड एन्कोडिंगची आहे.

हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, मुळाक्षरं एका ओळीत न लिहिता चौकोनात रचतात, ‘हान’ या एका चौकोनात ह, आ आणि न. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर (कोड) देणाऱ्या स्टँडर्डमध्ये, हे दोन्ही तऱ्हांनी ठेवता येतं, तीन सुटे कोड किंवा अख्ख्या चौकोनाचा एकच कोड, आणि दोन्ही बरोबर. सुट्या रूपाला एनएफडी म्हणतात, जोडलेल्याला एनएफसी. कीबोर्डवरून साधारण जोडलेलंच येतं, पण मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं सुटी करूनच ठेवायची, आणि या फाइल्स नेमक्या मॅकवरून अपलोड झालेल्या.

मला यातला हिशोब फार म्हणजे फारच आवडला. सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटची व्यंजनं २७ आणि ‘शेवटी काहीच नाही’ धरून २८, गुणाकार ११,१७२, आणि हे सगळे चौकोन युनिकोडमध्ये ४४०३२ या कोडपासून क्रमाने बसवलेत. शून्यापासून मोजलं तर ह चा नंबर १८, आ चा ०, शेवटच्या न चा ४. १८ गुणिले २१, त्यात ०, मग गुणिले २८, त्यात ४, झाले १०५८८, ते ४४०३२ मध्ये मिळवले की ५४६२०, हाच ‘हान’ चा कोड. तक्ता लागतच नाही! आपल्या देवनागरीत ‘कि’ म्हणजे क आणि वेलांटी असे दोन कोडच असतात, अख्ख्या अक्षराला एक कोड ही सोय आपल्याला नाही, त्यामुळे हे बघून मी बराच वेळ नुसती आकडेमोड करत बसले होते.

ही सोय त्यांनाही सुरुवातीपासून नव्हती. १९८७ च्या कोरियन स्टँडर्डमध्ये फक्त २३५० चौकोन होते, नावात त्याबाहेरचं अक्षर असलं की त्या माणसाला कॉम्प्युटरवर स्वतःचं नावही धड लिहिता यायचं नाही, आणि हे मला खरंच अन्यायाचं वाटतं. सगळे ११,१७२ आत्ताच्या जागी आले ते १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये.

दुरुस्ती सोपी वाटली, अपलोड होताना आणि सर्च करताना दोन्हीकडे एनएफसी करायचं. नवीन फाइल्स लगेच सापडायला लागल्या. जुन्या रेकॉर्ड्समधली नावंही एनएफसी करायला स्क्रिप्ट चालवली तर डेटाबेसने ‘हे नाव आधीच आहे’ म्हणून एरर दिला, कारण काही फोल्डर्समध्ये त्याच नावाच्या दोन फाइल्स शेजारी शेजारी नांदत होत्या, एक विंडोजवरून आलेली, एक मॅकवरून. आमचा लीड म्हणाला, ‘अगं, जुनी उडव ना सरळ.’ मी ठाम नाही म्हटलं. एक जोडी उघडून बघितली तर दोन्ही करारच होते, पण आतला मजकूर वेगळा, आणि नंतर अपलोड झालेलाच कच्चा मसुदा होता. तारीख बघून उडवलं असतं तर पक्का करारच गेला असता. मग अशा सगळ्या जोड्यांची यादी काढून सोलच्या मॅडमना पाठवली आणि त्यांनी एकेक उघडून कुठली ठेवायची ते कळवल्यावरच उरलेली स्क्रिप्ट चालवली.