राजीनामा सगळ्यात शेवटी

भोसरीकडच्या एका प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रे दाबून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातला, ऑपरेटर. कंबरेतली गादी सरकलेली, एमआरआय झालेला, 'वजन उचलू नये' असं खासगी डॉक्टरांचं पत्र खिशात. कंपनीच्या एचआरनं त्याच्याकडून 'वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने' असा छापील राजीनामा लिहून घेतला आणि पीएफ-ईएसआयचे (ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा) कागद करायला माझ्याकडे धाडलं. त्याला एवढंच विचारायचं होतं, "साहेब, काम सुटल्यावर ईएसआय अर्धा पगार देते ना?"

देते. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आहे. आधी सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळायचे, कोविडपासून ५०. काम सुटल्यावर ३० दिवसांनी दावा करायचा. पण आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवस. शिवाय गैरवर्तन, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे काम सुटलं असेल तर नाही. आजारपणामुळे दिलेल्या राजीनाम्याचं काय, यावर योजनेचा मजकूर गप्प आहे. मजकूर गप्प असला की टेबलामागचा माणूस बोलतो, आणि त्याच्यापुढे 'स्वेच्छेने' लिहिलेला कागद ठेवणं म्हणजे 'नाही' त्याच्या हातात आयतं देणं.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पोटात दुखतंय म्हणून रजा टाकायला ईएसआयचा दवाखाना सगळ्यांना ठाऊक असतो, पण मणका गेला की माणूस थेट खासगीत जातो आणि तिथून राजीनाम्यावर. या माणसाच्या पगारातून दर महिन्याला ०.७५ टक्के कापले जात होते, मालक ३.२५ टक्के भरत होता, आणि तीन वर्षांत त्यानं दवाखान्याची पायरी चढली नव्हती. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजारपणाचे पैसे सहसा निघत नाहीत, ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं.

आकडे मांडून दाखवले. पगार १८,००० म्हणजे रोज साधारण ६००. अटल योजनेतून फार तर ३०० च्या हिशेबानं २७,०००. त्याऐवजी नोकरीत राहून आजारी रजा घेतली तर ७० टक्के, म्हणजे ४२० रोज, ९१ दिवसांपर्यंत (पहिले दोन दिवस सोडून). आणि सरकलेली गादी ही ३४ दीर्घ आजारांच्या यादीत येते. दोन वर्षांची सलग नोकरी आणि सहा-सहा महिन्यांच्या चार वर्गणी-कालखंडांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असेल तर ८० टक्के दरानं, म्हणजे रोज ४८०, आणि वैद्यकीय मंजुरी मिळत राहिली तर दोन वर्षांपर्यंत. या काळात कामावरून काढणं मालकाला सोपं नसतं, हे वेगळंच.

नोटिशीची मुदत अजून संपली नव्हती, म्हणून राजीनामा मागे घेता आला. एचआर कुरकुरले. त्यांना समजावलं, आजारपणाचे पैसे ईएसआय देते, तुम्ही नाही. ईएसआय वर्गणीच्या महिन्याच्या चलानात त्याच्या नावापुढे शून्य दिवस टाका आणि कारणाच्या रकान्यात १, म्हणजे रजेवर. त्यांनी २ टाकून ठेवलं होतं, नोकरी सोडली. चलान १५ तारखेच्या आत जातं. ते गेलं असतं तर तो आकडा दुरुस्त करायला पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे.

पुढे सव्वा वर्षाच्या आसपास त्याला पैसे मिळत राहिले. पण पाठ काही सुधारली नाही. प्रेसवर परत उभं राहणं शक्य नव्हतं आणि कंपनीत बसून करायचं काम नव्हतं. मी अजून घोटाळतोय तो इथे. अटल योजनेला काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या कालखंडात ७८ दिवसांची वर्गणी हवी. रजेवर असताना वर्गणी शून्य. म्हणजे आजारपण नियमानं काढलं की बेकारभत्ता जातो, आणि बेकारभत्त्यासाठी लवकर बाहेर पडलं की आजारपणाचे पैसे हातचे जाऊ शकतात. ईएसआयचीच बेकारभत्त्याची दुसरी योजना, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, उरते. तिथे कामाबाहेरच्या कारणानं किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व लागतं. मिळालं तर पहिलं वर्ष ५० टक्के, दुसरं २५. पाठीच्या दुखण्यात तो टक्का क्वचितच भरतो. याचाही भरला नाही.

शेवटी राजीनामा झालाच, फक्त कारण नीट लिहून: मणक्याच्या आजारामुळे हे काम करण्यास असमर्थ, सोबत वैद्यकीय कागद. पाच वर्षं भरली नसली तरी अशा असमर्थतेत ग्रॅच्युइटी मिळते. आधी जे काम करता येत होतं ते आजारानं करता येत नाही, एवढंच कायदा विचारतो. मूळ वेतन १३,०००, त्याला २६ नं भागून गुणिले १५, गुणिले चार वर्षं, म्हणजे ३०,०००. पीएफही पाच वर्षांच्या आत काढला, पण नोकरी प्रकृतीमुळे सुटली असेल तर त्या रकमेवर प्राप्तिकर लागत नाही. छापील राजीनाम्यानं ही दोन्ही दारं बंद केली असती.

ग्रॅच्युइटीचा चेक देताना मालक म्हणाले, "पाच वर्षं झाली नसताना हा पायंडा पडेल." मी कलम दाखवलं. सही झाली, नाराजीनं.