डिझेल जनरेटर: कमी वेळ चालवा, पण लोड देऊन चालवा

कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस गगनबावडा तालुक्यात पडतो, आणि आमचे शेतघर त्याच बाजूच्या डोंगरउतारावर, विजेच्या खांबांपासून बरेच लांब आहे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात छपरावरची सोलर पॅनेल आणि 48 व्होल्टची बॅटरी बँक यांवर घर व्यवस्थित चालते. पावसाळ्यात मात्र धुके आणि ढग यांमुळे ऊन दिसतच नाही, आणि मग एक सिलिंडरच्या 5 केव्हीए डिझेल जनरेटरवरच सारी भिस्त असते.

जनरेटरवर जास्त लोड, म्हणजे एका वेळी जोडलेल्या उपकरणांचा भार, टाकू नये, हे नवीन घेणाऱ्यालाही ठाऊक असते. अगदी कमी लोडवर तो तासन्‌तास चालवल्यानेही इंजिन खराब होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते खेड्यापाड्यांतील बहुतेक छोटे जनरेटर अकाली म्हातारे होतात ते यामुळेच. 5 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) धरून 4 किलोवॅट. त्यावर संध्याकाळभर चार दिवे आणि एक टीव्ही लावला, तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, पिस्टनच्या रिंगांवर आणि नोझलच्या, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाच्या, टोकावर कार्बन बसत जातो आणि न जळलेले डिझेल ऑईलमध्ये उतरून ते पातळ करते. सायलेन्सरच्या जोडातून काळा, चिकट द्रव पाझरताना दिसला, तर इंजिन पुरेशा लोडविना उपाशी चालले आहे असे समजावे. शिवाय खर्चाचा हिशेबही आहे: पाऊण लोडवर असे इंजिन एका लिटरमध्ये साधारण तीन युनिट देते, तर दोनशे वॅटवर चालवल्यास तेवढ्याच डिझेलमध्ये एक युनिटही पदरात पडत नाही, कारण बहुतेक इंधन इंजिन स्वतःला फिरवण्यातच संपवते.

म्हणून आमच्याकडे दिवे कधीही थेट जनरेटरवर लावले जात नाहीत. सकाळी तो सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे रिकामा चालू देतो, मग सर्वांत आधी विहिरीवरचा एक एचपीचा पंप लावतो, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि त्या वेळी बाकीचा लोड नसलेला बरा. पंपाने वेग घेतला की बॅटरी चार्जर आणि घरगुती पिठाची चक्की जोडली जाते. अशा रीतीने तीन किलोवॅटच्या आसपास लोड मिळतो आणि दीड-दोन तासांत पाणी, दळण व चार्जिंगचा मोठा हिस्सा उरकतो. लेड-ॲसिड बॅटरी ऐंशी टक्क्यांपुढे करंट कमी-कमी घेते. तो शेवटचा टप्पा डिझेल जाळून गाठण्यात अर्थ नाही. ढगाळ हवेत सोलरमधून जे थोडेफार मिळते, ते त्या कामाला पुरते. बंद करतानाही आधी लोड काढून काही मिनिटे इंजिन निवू द्यावे.

दमट हवेत दुसरा शत्रू पाणी. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतील ओलावा पत्र्यावर जमून खाली उतरतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि दोहोंच्या सीमेवर बुरशी धरते. संध्याकाळी टाकी भरून ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाचा ड्रेन किंचित सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. बाटली उजेडात धरली की पिवळसर डिझेलखाली पाण्याचा थर असल्यास तो स्पष्ट दिसतो. नुसते डिझेल येईपर्यंत ते काढत राहावे.

टाकी पूर्ण संपू देऊ नये, नाहीतर इंजिन एअर धरते, म्हणजे डिझेलच्या पाईपांत हवा अडकते. तसे झाल्यास फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेस थांबून अखंड धार येईपर्यंत डिझेल वाहू द्यावे, मग नोझलकडे जाणाऱ्या पाईपचा नट सैल करून, डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलून हँडल फिरवावे. पाईपमधून बुडबुड्यांशिवाय डिझेल आले की नट घट्ट करावा. पुन्हा हँडल फिरवल्यावर दर दोन फेऱ्यांनी एकदा नोझलचा ‘कर्र’ असा आवाज आला, म्हणजे फवारा व्यवस्थित पडतो आहे. आवाज येत नसेल, तर नोझल काढून कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात प्रेशरवर तपासून घेणे उत्तम; ऑईल इंजिनाची जुनी परंपरा असलेल्या कोल्हापुरात हे काम जाणणारे मेस्त्री सहज भेटतात.

ऑईलची पातळी रोज इंजिन थंड असताना पाहावी आणि ऑईल पुस्तिकेत दिलेल्या तासांना बदलावे. त्यासाठी चाललेल्या तासांची वही हवीच. लोडवर काळा धूर आला तर एअर फिल्टर आणि लोड तपासावा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे.

जनरेटर पावसापासून वाचवण्यासाठी तो घराच्या पडवीत आणण्याचा मोह मात्र कृपया टाळा. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो कळतही नाही. घरापासून दूर, चारही बाजू मोकळ्या आणि वर पत्रा अशी शेड बांधावी, तिचा चौथरा जमिनीपासून उंच घ्यावा आणि सायलेन्सरचे तोंड खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला ठेवावे.