तुम्ही विचारलंत म्हणून: पैले काय शिकू?

पांढरकवड्याला बसमधून उतरून गावी पोचते न पोचते, तोच कुणाची तरी लेक नाहीतर भाचा येऊन बसतो. "ताई, बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर जनुकं वाचायच्या कामात, जायचं हाय. पैले काय शिकू? पायथन का आर ही प्रोग्रामिंगची भाषा, का मशीन लर्निंग?" सोबत आलेल्या वडिलांना वेगळंच विचारायचं असतं: कापूस विकला की नागपूरच्या क्लासची फी भरावी का?

दोघांनाही मी एकच सांगते. फी एवढ्यात भरू नका. आधी एक जनुक घ्या आणि ते स्वतः वाचून पाहा.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आपल्याकडे कुणाला नवीन नाही. शाळेत तपासणीसाठी बोट टोचलेलं कित्येकांना आठवत असेल. तो बिघाड ज्या जनुकात असतो त्याचं नाव एचबीबी. एनसीबीआय या अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. प्रथिनाची माहिती असलेला भाग अवघा ४४४ अक्षरांचा, गावातल्या नेटवरही लगेच उतरतो. तीन अक्षरांचा एक गट म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक अमिनो ॲसिडचा मणी. पुस्तकात लिहिलेलं असतं की सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या मण्याऐवजी व्हॅलिन येतं, जीएजीचं जीटीजी होतं. आता फाइल उघडा आणि तीन-तीन अक्षरांचे गट मोजा. ते जीएजी सातवं निघतं.

पुस्तक चुकलेलं नाही. पहिला गट एटीजी. त्याचा मणी, मिथिओनिन, प्रथिन तयार होताना गळून जातो आणि जुनी मोजणी त्याच्या पुढून सुरू होते. बदललेलं अक्षर विसावं. पायथनमध्ये मात्र ते १९ क्रमांकावर सापडेल, कारण तिथे मोजणी शून्यापासून होते. ६, ७, २० आणि १९, चारही आकडे बरोबर. यातला १९ पायथन शिकल्यावर कळतो, पण ७ चे ६ कसे झाले ते बायोलॉजीच सांगते. म्हणून बीएस्सीची जेनेटिक्सची पुस्तकं रद्दीत घालू नका.

पायथन की आर, यावर मी फार वेळ घालवत नाही. एक धरा, वर्षभर सोडू नका. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्यावर, हात बसू द्या. आणि जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडायची सवय लावू नका. एसईपीटी२ या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली.

मला महाग पडलं ते सांख्यिकी टाळणं. पहिल्याच प्रोजेक्टमध्ये रोगी आणि निरोगी नमुन्यांची २०,००० जनुकं मी ताडून पाहिली. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली असलेली हजारेक निघाली. रात्री उशिरापर्यंत त्यांची नावं वाचत बसले, एवढा आनंद झाला होता. सकाळी सरांनी यादी पाहिली आणि विचारलं, "दोन्ही गटांत काहीच फरक नसता, तर किती निघाली असती?" २०,००० चे पाच टक्के. एक हजार! माझ्या यादीत खरं काही होतं की नाही, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अशा यादीत योगायोगाने शिरलेल्यांचं प्रमाण आवाक्यात ठेवणारी बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ ची पद्धत मी त्या आठवड्यात शिकले. ती आधी यायला हवी होती. संभाव्यता, नमुना किती मोठा हवा, एकाच वेळी हजारो चाचण्या केल्या की काय होतं, एवढं तरी पक्कं करा. मशीन लर्निंग त्यानंतर.

दिवाळीत आलेल्या मुलीला मी वहीच काढायला लावली. लाइन गेली होती, म्हणून मोबाइलच्या उजेडात तिने एचबीबीची पहिली तीस अक्षरं उतरवली, तीन-तीनचे गट पाडले आणि विसाव्या अक्षराला गोल केला. मग म्हणाली, "ताई, पण हे तर एकाच प्रतीतलं झालं. आईकडून एक येते, बाबाकडून एक. दोन्हीत बदल हाय का एकातच, ते डीएनए वाचणाऱ्या मशीनच्या डेटात कसं दिसते?"

पुढचे दोन तास आम्ही तेच पाहत बसलो.