फोटोवरून दगड का ओळखून देत नाही? विचारलंत म्हणून सांगते

आठवड्याला दोन-तीन तरी येतातच. "ताई, शेतात सापडला, कोणता आहे?" आणि खाली फोटो, तळहातावर काहीतरी पांढरट, मागे ट्रॅक्टरचं चाक, ऊन असं की अर्धा दगड नुसता चमकतोय. मी लिहिते की फोटोवरून नाही सांगत, जमलं तर दगड घेऊन या. मग पुढचा मेसेज ठरलेला. "एवढी वर्षं दगड गोळा करताय आणि साधा एक दगड ओळखता येत नाही?" किंवा जरा गोड शब्दांत, "सांगायचं नसेल तर तसं सांगा." एका काकांनी तर लिहिलं की दगड कुठल्या विहिरीत निघाला ते मला त्यांच्याकडून काढून घ्यायचं आहे म्हणून मी त्यांना दगड घेऊन बोलावतेय. काका, तुमची विहीर तुम्हाला लखलाभ.

तर एकदाच काय ते लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

आधी ते कारण जे मी सगळ्यांना सांगते. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळीत निघणारी निम्मी स्फटिकं पांढरी नाहीतर बिनरंगी असतात. कॅल्साइट पांढरं, स्टिल्बाइट पांढरं, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट, अपोफिलाइट पण पांढरं मिळतं, आणि साधी गार, म्हणजे क्वार्ट्झ, आहेच. हातात असलं की फरक कळतो. कॅल्साइटवर तांब्याचं नाणं घासलं की ओरखडा उठतो किंवा उठता उठता राहतो, गारेवर चाकूने पण काही होत नाही. स्टिल्बाइट मधे बांधलेल्या पेंढीसारखं दोन्हीकडे फुललेलं असतं. अपोफिलाइटचं डोकं सपाट असलं तर त्यावर मोत्यासारखी झाक येते आणि बाजू मात्र काचेसारख्या, दगड हातात फिरवला की ती झाक येते-जाते. फोटो फिरत नाही. वर हल्लीचे फोन स्वतःहून रंग गोड करतात, त्यामुळे फिकट राखाडी दगड निळसर दिसतो आणि लगेच प्रश्न, "कॅव्हन्साइट आहे का, वाघोलीसारखं?" (पुण्याजवळच्या वाघोलीला निघतं ते निळं स्फटिक.) नाही हो. आणि ते दुकानात मिळणारे गडद गुलाबी, निळे कापसाचे गोळे, ते ओकेनाइट खरं असतं पण रंग दिलेला असतो, मूळ पांढरंच. (हे एवढं मी फोटोवरून सांगते. एवढंच.)

हे सगळं खरं आहे. पण हे माझं कारण नाही, किंवा असलंच तर नंतर शोधलेलं आहे.

२०१६ पर्यंत मी फोटोवरूनच सांगायची. आणि कसं सांगायची, तर तीन सेकंदांत. स्टिल्बाइट. ह्यूलंडाइट. गार, टाकून दे. पुढचा. ऑफिसात मला दगडूबाई म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. लंचला कोणीतरी फोन पुढे करायचं, मी घास चावता चावता नाव सांगायची, समोरचा म्हणायचा "कसं काय कळतं हिला!" या "कसं काय कळतं"ची चटक लागते. बरोबर निघालं की नाही ते बघायला कोण जातंय? ना मी, ना तो.

त्या वर्षीचा उन्हाळा आठवत असेल. मामाचं गाव सिन्नर तालुक्यात, तिकडे टँकर चालू, मामाने विहीर आणखी खाली घ्यायला घेतली. दगड वर ओढायला यारी लावली होती, रोज दोन-चार सुरुंग. मुरूम केव्हाच संपलेला, पाषाण पण संपला आणि पस्तीसेक फुटांवर मांजऱ्या लागला. मांजऱ्या म्हणजे तो जरा मऊ, भोकाभोकांचा खडक, पाणी लागलं तर त्यात लागेल म्हणून विहीरवाले त्याची वाट बघतात, आणि आमच्यासारखे वेडे पण बघतात कारण ती भोकंच स्फटिकांनी भरलेली असतात. तर एका सुरुंगानंतर कळशीएवढी पोकळी उघडली. मामेभावाने फोटो पाठवला आणि पाठोपाठ मामाचा फोन, "अगं, तुझं काहीतरी निघालंय विहिरीत. चकाकतंय नुसतं."

मी ऑडिटवाल्यांसमोर बसले होते. फोटो उघडला. खाली हिरवट काचेसारखे खडे डोकावत होते आणि त्यांच्यावर पांढऱ्याचा जाड थर, फोटोत तो नुसता पांढरा गोळा दिसत होता. मी म्हटलं, "मामा, खालचं हिरवं ते अपोफिलाइट, ते भारी आहे. वरचं पांढरं कॅल्साइट आहे, म्हणजे चुनाच. आपल्या ठिबकच्या नळ्यांना क्षार बसतो ना, तसलं." मामा म्हणाला खात्री आहे का. मी म्हटलं एक थेंब ॲसिड टाकून बघ, फसफसलं की कॅल्साइट. पाच मिनिटांत परत फोन, "फसफसलं गं!" मी म्हटलं, बघ, म्हटलं नव्हतं? आणि फोन ठेवला.

ठिबकची उपमा मला तेव्हा फार छान सुचली असं वाटलं होतं. शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या भाषेत वगैरे.

दोन दिवसांनी, न कळवता, मामा एसटीने पुण्याला. मांडीवर मामीच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं, सिन्नरपासून इथपर्यंत मांडीवरच. दारातच ॲसिडचा वास आला. मामा खुशीत होता. बसायच्या आधी गाठ सोडली आणि म्हणाला, "बघ. सगळा चुना काढला."

ठिबकच्या क्षाराला काय करतात? ॲसिड सोडतात. मामाकडे त्याचा कॅन होताच. एक थेंब टाकला, फसफसलं, भाचीचं बरोबर निघालं, मग खालचं भारी ते दिसायला वरचा चुना काढायला नको? दगड प्लास्टिकच्या टबात ठेवला आणि रात्रभर ॲसिडमध्ये.

वरचं पांढरं कॅल्साइट नव्हतं. कॅल्साइट होतं, पण कडेला पातळसं, आणि थेंब नेमका तिथे पडला असणार. बाकी सगळं स्कोलेसाइट. सुया. टबात दगड पूर्ण बुडत नव्हता म्हणून एक कोपरा वर राहिला होता, तिथे त्या जशाच्या तशा होत्या, दोन-दोन इंच लांब, एका बिंदूतून सगळ्या दिशांना फुटलेल्या, उजेडात धरलं तर आरपार. तसा तो सगळा दगड होता. आता उरलेल्या भागावर ओल्या साबुदाण्यासारखा गिळगिळीत थर. स्कोलेसाइट या ॲसिडमध्ये विरघळून जेलीसारखं होतं, पुस्तकात दिलेलं असतं, मी वाचलेलं होतं. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते खालचं हिरवं, ते पण दुधाळ झालेलं, काचेच्या ग्लासवर तारेची घासणी मारावी तसं. अपोफिलाइटला पण हे ॲसिड खातं. ते पण वाचलेलं होतं.

मी ओरडले. मामावर, माझ्या घरात, माझ्या मुलांसमोर. "एक थेंब म्हटलं होतं ना मी!"

मामा म्हणाला, "तूच म्हणालीस ना चुना आहे. चुना कोण ठेवतं?"

मग चहा झाला. मामीच्या गुडघ्यांबद्दल बोललो. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला, दगड ठेवून, आणि लुगडं तेवढं नीट घडी करून घेऊन गेला. विहिरीला त्या वर्षी पाणी पण लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल यात तुमची काय चूक, तुम्ही थेंबच म्हणाला होतात. मी पण हेच म्हणत होते, नवऱ्याला, बहिणीला, आंघोळ करताना स्वतःला. थेंब म्हणजे थेंब. टब म्हणजे टब. तीन दिवस हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी तो फोटो परत उघडला आणि पहिल्यांदा झूम केला. उजव्या कडेला, सावलीत, रेषा दिसतात. बारीक, समांतर नव्हे तर पसरत गेलेल्या. सुया आहेत हे दिसतं. माहितगार माणसाला दिसायला हवं एवढं तरी दिसतंच.

म्हणजे फोटोवरून कळत नाही असं जे मी तुम्हाला सगळ्यांना सांगते ते निदान त्या वेळी तरी खरं नव्हतं. फोटोत होतं. मी बघितलं नाही. जुनी मी म्हणेल की मग काय, झूम करून सांगत जा, नकार कशाला देतेस, हा नुसता तुझा भाव खाणं आहे. आणि मला तिला ठणकावून काही सांगता येत नाही. कारण नंतर एकदा एक स्फटिक मी हातात घेऊन, दहा पट भिंगाखाली बघून, छातीठोकपणे स्टिल्बाइट म्हणून डबीत ठेवलं आणि काही दिवसांत डबीत पांढरा भुगा. लॉमॉन्टाइट होतं. ते बाहेरच्या कोरड्या हवेत आतलं पाणी सोडत जातं आणि आपोआप ढासळतं. तेव्हा तर फोटो बिटो काही मधे नव्हतं.

बरं, नकार दिला की नुकसान होत नाही असं पण नाही. एका खडी क्रशरवर काम करणाऱ्या मुलाने रात्री फोटो पाठवला होता, मी नेहमीचं उत्तर दिलं. तो म्हणाला ताई इथून कसा आणू, सकाळी हा ढीग जाणार. मी म्हटलं सॉरी. गेला तो ढीग. खडीत. फोटो अजून आहे माझ्याकडे आणि मला जे वाटतं ते असेल तर... जाऊ दे.

आणि मामाने तीन वर्षांनी परत खोदकाम काढलं तेव्हा मी सहज विचारलं, काही निघालं का. म्हणाला, "निघालं होतं थोडं. बांधावर टाकलं." ओरडला वगैरे नाही, आंबे पण पाठवले नेहमीसारखे. मला फोटो मात्र पाठवला नाही. मी विचारलं पण नाही की का नाही पाठवलास, आणि बांधावर जाऊन पण बघितलं नाही, खरंतर जाता आलं असतं.

त्या वाचलेल्या कोपऱ्याच्या सुया मी वेगळ्या ठेवल्यात. वर स्कोलेसाइट लिहिलंय एवढ्या ठामपणे, पण डबीवरच्या चिठ्ठीवर "स्कोलेसाइट / मेसोलाइट?" असं आहे, कारण ही दोन नुसत्या डोळ्यांनी वेगळी काढणं अवघड, बऱ्याचदा एक्स-रे तपासणीच लागते, आणि ती मी केलेली नाही. ॲसिडने दोन्हींचं सारखंच झालं असतं म्हणा.

तर आता फोटो पाठवलात की मी काय करते, तर बघते. झूम पण करते. मनात नाव येतं, बऱ्याचदा लगेच येतं. आणि मग तेच टाइप करते, दगड घेऊन या. ज्यांना हा माज वाटतो त्यांना तो वाटू दे, थोडा असेल पण. किंमत मी हातात घेऊन पण सांगत नाही, ते विचारू नका.

घेऊन येणार असाल तर धुवू नका, ब्रश लावू नका, मातीसकट चालेल. कापसात गुंडाळू नका, सुया असल्या तर कापूस अडकतो आणि काढताना त्या तुटतात. वर्तमानपत्राचे बोळे ठीक. कुठल्या खोलीवर निघाला, कुठल्या खडकात, एवढं लिहून ठेवा. रविवारी दुपारनंतर मी घरी असते.