दादाचं इम्युनिटी पॅकेज

दादाच्या मानेला आराम पडला, हे आधीच सांगते. फोंडा-पणजी स्कूटर मारून आखडलेला आमचा दादा बार्देशातल्या एका वेलनेस सेंटरात कायरोप्रॅक्टरकडे (म्हणजे हातांनी मणका दाबून, सरकवून उपचार करणाऱ्याकडे) गेला आणि ताठ मानेने परत आला. इथपर्यंत तक्रार नाही. पण तिथल्याच फंक्शनल मेडिसिनवाल्यांनी (आजाराचं ‘मूळ कारण’ शोधतो म्हणणारी ही एक पर्यायी पद्धत) त्याला वर्षभराचं ‘इम्युनिटी पॅकेज’ सुचवलं: दर महिन्याला मणक्याची ॲडजस्टमेंट, रक्ताच्या तपासण्या आणि सप्लिमेंटचा डबा. पावसात दादाची सर्दी हटत नाही, त्यामुळे तो पैसे भरायला निघालाच होता. वहिनीने माहितीपत्रक माझ्यापुढे टाकलं. “बारावीला बायोलॉजी शिकवतेस ना? मग बघ गे जरा.”

पत्रकाचं म्हणणं असं: मणका जागचा हलला की नस दबते आणि नस दबली की प्रतिकारशक्ती मंदावते. ही कल्पना १८९५ सालची, अमेरिकेतल्या डी. डी. पामरची. एका बहिऱ्याचा मणका दाबून त्याला ऐकू आणलं, असा त्याचा दावा होता. (कानाची नस मणक्यातून जातच नाही, पण ते असो.)

मी एकच प्रश्न धरून बसले. ॲडजस्टमेंट घेणारी माणसं न घेणाऱ्यांपेक्षा कमी आजारी पडतात, हे कुणी मोजलंय का? पत्रकातले हवाले उघडले, तर मणक्यावर दाब दिल्यावर रक्तातले काही घटक थोडा वेळ बदलले, एवढंच. ते धावून आल्यावरही बदलतात. २०२१ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात यावरच्या अभ्यासांचा आढावा आला. तो घेणाऱ्यांत कॅनडातल्या कायरोप्रॅक्टिक कॉलेजचेच संशोधक होते, आणि संसर्ग टळतो का हे रुग्णांवर तपासणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. मार्च २०२० मध्ये, करोना पसरत असताना, वर्ल्ड फेडरेशन ऑफ कायरोप्रॅक्टिक या त्यांच्याच जागतिक संघटनेनेही विश्वासार्ह पुरावा नाही असंच सांगितलं होतं. घरच्यांनीच दिलेली ही साक्ष दादाला पटली.

रक्ततपासणी मात्र त्याने आधीच करून घेतली होती. अन्नाच्या आयजीजी चाचणीत (आयजीजी म्हणजे रक्तातला एक प्रकारचा प्रतिपिंड, अँटिबॉडी) लाल रंगात काय? भात, नारळ, सुंगटं (कोळंबी)! मला हसूच आलं. आयजीजी सापडणं म्हणजे बहुतेक वेळा तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा असणं. जन्मभर माशांचं हुमण-भात जेवलेल्या माणसाच्या रक्तात दुसरं काय निघणार? अन्नाचं वावडं ठरवायला ही चाचणी वापरू नका, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच बजावलंय. दादा सुंगटं सोडायच्या बेतात होता, म्हणजे घरात केवढा अनर्थ झाला असता!

एक गोष्ट खरी निघाली. ड जीवनसत्त्व कमी होतं. पण त्यासाठी आमच्या डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिटची गोळी आधीच सुरू केली होती, आणि डब्यातही ड होतंच. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. दोन्हीकडून घेत राहिलं आणि फार झालं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. डब्यावर पुढे ठळक ‘इम्यून सपोर्ट’, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’.

दादाने सेंटरला मेसेज टाकला: आजारपण कमी झाल्याचा एखादा अभ्यास पाठवा. उत्तरादाखल खूश ग्राहकांचे व्हिडिओ आले. त्यावर त्याने पॅकेज नाकारलं. मानेसाठी आता फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करतो, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावसाआधी फ्लूची लस घेतली. साध्या सर्दीला तिचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी सुई टोचण्याआधीच सांगून टाकलं.